तोंड दाबून सल्ल्यांचा मार

गेल्या गुरुवारी माझ्या खालच्या जबड्यातल्या डावीकडच्या दोन दाढा काढल्या. दाढा काढण्याविषयी माझी तक्रार नाही. भूल चढल्यावर दुखले काहीच नाही. डोक्यात कोणीतरी सागवानी कपाट सरकवत असल्याचा आवाज तेवढा आला. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या ४५ मिनिटांविषयी आणि १८० रुपयांच्या एका डबीविषयी, जी अजून आमच्या बेसिनवरच्या फळीवर आहे.

डॉक्टरांनी जखमेवर गॉजचा बोळा ठेवला आणि तो ४५ मिनिटे दातांत घट्ट दाबून धरायचा, बोलायचे नाही, थुंकायचे नाही, लाळ गिळायची, असे बजावले. एवढे झाल्यावर काउंटरवरच्या बाईंनी मला विचारले, "काही शंका आहे का?" मला शंका बऱ्याच होत्या. मी "ऊं" म्हणालो. "नाही ना? छान. वाटलीच तर फोन करा," असे म्हणून त्यांनी माझ्या हातात सूचनांचे कार्ड ठेवले. ते कार्ड संपूर्ण इंग्रजीत होते आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढे. तासगाव-कवठेमहांकाळकडून एसटीने सांगलीला आलेल्या, बधिर ओठावर रुमाल धरलेल्या माणसाने ते कसे वाचावे, याचा विचार छापणाऱ्याने केला नसावा. मराठीत दहा ओळी छापायला किती खर्च येतो, हे मी कोणालातरी विचारणार आहे. अर्थात तोंड नीट उघडू लागल्यावर.

विश्रामबागेतल्या औषधांच्या दुकानात रांग होती, म्हणून मी बाहेरच्या बाकावर टेकलो. तिथे सत्तरी ओलांडलेले एक काका मांडीवर पिशवी घेऊन आधीच बसले होते. आपण मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानी चाळीस वर्षे दिवाणजी होतो, हे त्यांनी पहिल्याच मिनिटात सांगितले आणि मग माझ्या गालाकडे निरखून पाहिले.

"काय पावणं, बार भरलाय व्हय?"

मी मान हलवून नाही म्हणालो.

"मग लाजताय कशाला? थुका की तिकडं गटारीत."

मी गालाकडे बोट दाखवले, मग दोन बोटे दाखवली. काकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी रांगेकडे वळून जाहीर केले, "ह्यांच्या दोन दाढा काढल्यात. एका बैठकीला!" रांगेतल्या सर्वांनी मला पाहून घेतले. काकांनी वय विचारले. मी आधी चार आणि मग सात बोटे दाखवली. काकांनी "अकरा?" असे म्हणून माझ्या टकलावर नजर टाकली आणि हिशेब दुरुस्त केला. "सत्तेचाळीस व्हय! मला वाटलं, माझ्याच वारगीचं हाईसा."

हे वाक्य मला दाढांपेक्षा अधिक लागले, आणि त्यावर गोळी मिळत नाही.

मी आवंढा गिळताना पाहून ते कळवळले. "रगत गिळू नका, पोटात इख हुतंय त्याचं. थुका म्हणतो ना!" आता यांना कसे सांगावे की, दाढेच्या जागी राहिलेल्या खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते, तीच खालच्या उघड्या हाडाचे झाकण असते, आणि जोराने थुंकल्याने, चूळ भरल्याने किंवा स्ट्रॉने ओढून प्यायल्याने ती निखळू शकते? ती निखळली की दोन-तीन दिवसांनी ठणका सुरू होतो आणि थेट कानात जातो. डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. एवढे सगळे मी भुवयांनी सांगण्याचा प्रयत्न केला. काका म्हणाले, "झोंबतंय न्हवं? मग हळद दाबा खड्ड्यात. आपल्या सांगलीच्या हळदीला सरकारनं मानांकन दिलंय." मानांकन २०१८ मध्ये मिळाले, हे खरे आहे, परंतु ते माझ्या खड्ड्यासाठी मिळालेले नाही. तेवढ्यात रांगेतल्या एका मावशींनी भाजलेली मिश्री सुचवली. मिश्री म्हणजे शेवटी तंबाखूच, आणि तंबाखूने असली जखम लवकर भरत नाही. मी दोन्ही हात जोडले. मावशींना तो नमस्कार वाटला आणि त्यांनीही केला.

माझा नंबर आला तेव्हा काकांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. "ह्यांना बोलता येत न्हाई," असे त्यांनी काउंटरवरच्या मुलाला सांगितले. "जन्मापासून?" मुलाने विचारले. गोळ्या मिळाल्या. मग काका म्हणाले, "आणि कवळी धुवायच्या गोळ्या बी दे. दोन गेल्यात म्हंजे बाकीच्या किती दिस ऱ्हात्यात?" मी घाबरून दोन्ही हात हलवले. "दोन डब्या नको, पावणं," काका समजुतीने म्हणाले, "सुरवातीला एकच घ्या." मागची रांग चुळबुळत होती आणि माझ्या बधिर ओठावरून लाळ शर्टावर उतरत होती. मी १८० रुपये जास्तीचे दिले.

वेदनेचे म्हणाल, तर ती या मानाने सभ्य निघाली. घरी जाऊन बोळा काढला, गार दहीभात उजवीकडून गिळला आणि भूल उतरायच्या आधीच गोळी घेतली; कारण ठणका एकदा टिपेला गेला की तो गोळीला लवकर दाद देत नाही. ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र असलेली ती साधी गोळी होती, आणि ती उपाशीपोटी घ्यायची नाही, हे डॉक्टरांनी बोळा ठेवण्यापूर्वी सांगितले होते. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर पंधरा मिनिटे ठेवायचा, पंधरा मिनिटे थांबायचे, हे पहिल्या दिवशी केले. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरू लागलो. सूज मात्र तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचली, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी घरच्यांनी भडंगाचा ताजा पुडा फोडला. कच्चा कांदा चिरून, माझ्या शेजारी बसून, टीव्ही पाहत त्यांनी तो संपवला. भडंगाचा कण खड्ड्यात अडकू नये, ही काळजी ते माझ्या वतीने घेत होते.

सोमवारी नीट बोलता येऊ लागल्यावर मी सीलबंद डबी घेऊन दुकानात गेलो. मुलाने विकलेला माल परत न घेण्याच्या पाटीकडे बोट दाखवले. त्यावर मी चार दिवस साठवलेले सगळे भाषण त्याला ऐकवले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, डबी उलटी करून पाहिली आणि माझ्यापुढे सरकवली.

"काका बोललेच होते, परत घेऊन येतील म्हणून. ठेवा जवळ. एक्स्पायरीला अजून दोन वर्षं आहेत."