मोटरसायकलवरचा कर केवळ पावतीवर ठरत नाही

परदेशातून मोटरसायकल आणताना खरेदीच्या पावतीवरील रकमेवरच कर भरावा लागतो, हे मोटरसायकल आयातीवरील एका लेखात मी वाचलेले विधान अपुरे आहे. बहुतेक देशांत गाडीच्या किमतीत वाहतूक आणि विम्याचा खर्च मिळवून त्यावर सीमाशुल्क आकारतात आणि मग शुल्कासह होणाऱ्या रकमेवर मूल्यवर्धित कर लावतात, म्हणजे करावरही कर बसतो. समजा, वाहतूक-विम्यासह मूल्य १०० आहे, शुल्क १० टक्के आणि कर २० टक्के आहे, तर एकूण भरणा ३० नव्हे, ३२ होतो.

सीमाशुल्कासाठी मालाच्या वर्गीकरणाचा मुद्दा त्या लेखात नाहीच. आंतरराष्ट्रीय नामावलीत मोटरसायकली ८७११ या शीर्षकाखाली येतात आणि इंजिन ८०० घन सेंटीमीटरच्या वर गेले की उपशीर्षक बदलते, आणि त्यासोबत शुल्काचा दरही बदलू शकतो.

माझी गाडी मात्र करापायी नव्हे, एका अक्षरापायी अडकली. विक्रीपत्रावर विक्रेत्याने चासी क्रमांकात शून्याऐवजी 'ओ' लिहिला होता, त्यामुळे हँडलखाली ठोकलेल्या क्रमांकाशी तो जुळेना, आणि दुरुस्त कागद येईपर्यंत नऊ दिवसांचे गोदामभाडे माझ्या माथी पडले. (या १७ अंकाक्षरी क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत, हे मला नंतर कळले.)

गाडी केवळ प्रवासापुरती न्यायची असेल, तर अनेक देशांत कार्ने या हमीपत्रावर शुल्क न भरता नेता येते. मात्र बाहेर पडताना त्यावर निर्गमनाचा शिक्का घेणे विसरू नये, अन्यथा गाडी तिथेच राहिली असे धरून शुल्काची मागणी येऊ शकते.