ह्यात कापड कुठाय?

"दुसऱ्याचं काय मनात नाय वाटतं?"

हा प्रश्न मला परवा आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगच्या जिन्यात, चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारण्यात आला. विचारणारी आमची आत्या नव्हती, मावशी नव्हती. बोहारीण होती. तिच्या हातात माझ्या लेकीचं झबलं होतं, आणि ते ती उजेडाकडे धरून आरपार बघत होती.

लेक आता दीड वर्षाची होईल. जन्मताना मूल तीन किलोच्या आसपास असतं, पाचव्या महिन्यापर्यंत वजन दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं. हे डॉक्टरांना ठाऊक असतं, बारशाला येणाऱ्यांना नसतं. ते सगळे '० ते ३ महिने' घेऊन येतात. निम्मे कपडे घडी मोडायच्या आत लहान झाले. ती सगळी पिशवी मी जिन्यात नेली.

बोहारणीने एक फ्रॉक उचलला. जाळी, टिकल्या, मागे बटणांची रांग.

"भाऊ, ह्यात कापड कुठाय?"

"अहो, नऊशेचा आहे तो."

"दुकानवाला परत घेत असंल तर घ्या नऊशे. ह्याचं मसोतंपन नाय होनार. पानीच पीत नाय हे."

इथवर ठीक होतं, व्यवहार होता. पण तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू काकांच्या जुन्या पँटींचं गाठोडं घेऊन खाली आल्या आणि पायरीवर बैठक मारली.

"अगंबाई, बाळाचे कपडे काढलेत? पहिल्याचे असे देऊन टाकू नयेत हो. मग दुसऱ्याच्या वेळी शोधत बसाल."

"तेच सांगते मी ह्यांना," बोहारीण म्हणाली. "वहिनींचं वय काय?"

मी तोंड उघडायच्या आत काकूंनी वय सांगितलं. महिन्यासकट.

"मग थांबून कसं चालंल?"

"तीन वर्षांचं अंतर बरं असतं पण," काकू.

"नाय काकी, दोनच बरं. एकदम सुटका. माझ्या सुनेनं तसंच केलं."

"तुमच्या सुनेला घरात माणसं आहेत. हे दोघं नोकरीवाले. बघणार कोण?"

"आजी हाय की."

"आजीचे गुडघे बघितलेत का?"

माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांवर चर्चा सुरू असताना तिसऱ्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन वर चढत आले, झबली बघून थबकले आणि म्हणाले, "अरे वा! पेढे कधी?" त्यांना कोणी उत्तर दिलं नाही. बोहारीण आणि काकू गुडघ्यांवरून बाळंतपणाच्या खर्चावर गेल्या होत्या. मी हातात टोपडं घेऊन उभा.

आपल्या सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम काढला. भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण रंगवले, 'हम दो, हमारे दो' म्हणून झालं. पण सरकारसुद्धा कधी माझ्या जिन्यात बसून, माझंच झबलं हातात धरून चौकशीला आलं नव्हतं.

हसू येतं खरं, पण त्या पिशवीने आमचा जीव नकोसा केला आहे. देऊन टाकतो म्हटलं की लोकांना तो जाहीरनामा वाटतो. ठेवून दिली की त्यांना आशा वाटते. आम्हाला दुसरं हवं आहे की नको, होतंय की होत नाही, हे आम्ही अजून नीट एकमेकांशीही बोललेलो नाही, आणि ह्या बायका अंतर ठरवून मोकळ्या. बायकोने पिशवी पलंगाखाली सारली होती ती उगाच नाही.

बरं, द्यायची तर कुणाला? एका संस्थेला फोन केला. त्यांना कपडे धुतलेले, इस्त्री केलेले, मापाप्रमाणे वेगळे करून वर चिठ्ठी लावलेले हवे होते. सगळं ऐकून घेतल्यावर कळलं, लहान मुलांचे सध्या नकोच आहेत, "ते फार येतात." इराणमधल्या मशहदला २०१५ साली एका भिंतीवर खिळे ठोकून लोकांनी नको असलेले कपडे टांगले, आणि तिथून ती कल्पना आपल्याकडे 'माणुसकीची भिंत' होऊन आली. आमच्याकडच्या भिंतीवर सध्या खिळे आहेत आणि खिळ्यांवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर.

घरातून दोन हुकूम. सासूबाई म्हणतात, बाळाचे कपडे अनोळखी माणसाला देऊ नयेत, दृष्ट लागते. आई म्हणते, नव्या बाळाला पहिलं झबलं कुणाचं तरी जुनंच घालावं. म्हणजे प्रत्येक बाळाला जुनं झबलं लागतं, पण एकच. उरलेल्या पिशवीचं काय, ह्यावर शास्त्र गप्प आहे.

आजीच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. कापड मोठ्यांकडून लहानांकडे उतरत यायचं. नऊवारी विरलं की त्याची दुपटी, दुपट्याचे लंगोट, लंगोटाचं मसोतं, आणि मसोतं चुलीत. बाकीच्या चिंध्या गोधडीच्या पोटात. आता बाळाचं कापड जन्मालाच येतं लहान होऊन, त्याच्या खाली उतरायला पायरीच नाही. लोकरीची कुंची तेवढी पानिपतला जाऊ शकते. तिथे जुनी लोकर पिंजून सूत काढतात, ब्लँकेटं विणतात. पण १७६१ नंतर मराठी घरातून पानिपतावर काही धाडायचं म्हणजे मन धजत नाही.

असो. जिन्यात शेवटी तोडगा निघाला. बोहारणीचं लक्ष माझ्या खांद्यावर गेलं. गॅलरीतून काढलेली, घडी करायला आणलेली जीन्स होती.

"ही टाका, मग बघते."

"ही वापरातली आहे."

"गुडघ्यात विरलीय," काकू म्हणाल्या. गुडघ्यांचा त्यांचा अभ्यास दांडगा.

कशी कोण जाणे, जीन्स गाठोड्यात गेली आणि माझ्या हातात चहाची गाळणी आली. काकूंना दोन पँटींवर झाकणाचा डबा मिळाला. बोहारीण टोपली डोक्यावर घेऊन उठली. झबल्यांची पिशवी तिने पायाने अलगद माझ्याकडे सरकवली.

"अहो, हे?"

"ऱ्हाऊ द्या. वहिनींना लागंल."

"ऐका तिचं," काकू म्हणाल्या.

गाळणीची जाळी इतकी मोठी आहे की चहापत्ती सरळ कपात येते. बायकोने जीन्सची चौकशी केली, मी गाळणी दाखवली, ती काही बोलली नाही. तेवढ्यात वहिनीचा फोन. त्यांच्या मुलाचं कपाट आवरलंय म्हणे. 'एक ते दोन वर्षं', सगळे चांगले, काही तर घातलेलेही नाहीत, नाही म्हणायचं नाही, ड्रायव्हरबरोबर पाठवलेत. मी "अहो पण" म्हणेपर्यंत खालून वॉचमनचा इंटरकॉम वाजला. साहेब, दोन पिशव्या आल्यात, वर पाठवू का?