वाकलेली नकल तापवून सरळ करावी का? जालन्याच्या वाचकाला उत्तर

दादा, तुमचे दोन आक्षेप आहेत. वाकलेली नकल (स्टेअरिंग नकल, म्हणजे पुढच्या चाकाचं बेअरिंग धरणारा आणि स्टेअरिंगबरोबर वळणारा धातूचा तुकडा) गॅसवर तापवून सरळ होत असताना मी नवी घ्यायला लावून लोकांना खर्चात पाडतो, हा पहिला. एक्सल नट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकावरचा मोठा नट, गनने (इम्पॅक्ट पान्याने) आवळला तर काय बिघडतं, हा दुसरा.

खर्चाचं तुमचं म्हणणं रास्त आहे. आपल्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात खचतात. अशा रस्त्यावर चाक आपटलं की बहुतेक वेळा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा स्ट्रट (शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा खांब) वाकतो, नकल क्वचितच. म्हणून अलाइनमेंटवाल्याकडे कॅम्बरसोबत (चाकाचा आत-बाहेर झुकाव) एसएआय, म्हणजे स्टेअरिंगच्या आसाचा कलही मागा. तो दोन्हीकडे सारखा आणि कॅम्बर एकाच बाजूचा बिघडलेला, तर दोष स्ट्रटमध्ये किंवा नकलेत. स्ट्रट खोलून पाहा. तो सरळ निघाला तरच नकलेला हात लावा.

पण वाकलीच असेल तर तापवू नकाच. बहुतेक नकला ओतीव लोखंडाच्या असतात. ज्योतीने धातूची घडण बदलते, ठोकताना पडलेली बारीक चीर दिसत नाही, बेअरिंगचं घरही गोल राहत नाही. चाक, ब्रेक आणि स्टेअरिंग तिन्ही त्या एका तुकड्यावर आहेत, दादा. नवी परवडत नसेल तर त्याच मॉडेलची, त्याच बाजूची, न आपटलेल्या गाडीची जुनी नकल घ्या. एबीएस सेन्सरचं (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेला चाकाचा वेग कळवणारा) भोक जुळतंय ना, ते आधी बघा.

बेअरिंग मात्र नवंच. नकलेत दाबताना प्रेसचा जोर बाहेरच्या रिंगवर हवा, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) दाबताना आतल्या रिंगला खालून आधार हवा. चुकलं की जोर गोळ्यांमधून जातो, रिंगवर खळगे पडतात आणि वेग घेताच घूंऽऽ आवाज सुरू. एबीएसवाल्या बेअरिंगची चुंबकीय बाजू सेन्सरकडे ठेवा.

आता नट. गनला आवळण्याच्या जोराचा, म्हणजे टॉर्कचा, आकडा कळत नाही. कमी आवळला तर बेअरिंग ढिलं राहतं, जास्त आवळला तर आटे ताणले जातात. नवा नट घ्या, गाडी घोडीवर, चाक हवेत असतानाच कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा. नट ढिला असताना चाकावर वजन आलं तर नवं बेअरिंग तिथेच जातं. नंतर नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवा.

खोलताना कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. शाफ्ट बाहेर ओढू नका, आतला जॉइंट सुटतो. टाय रॉड एंडच्या (स्टेअरिंगचा दांडा नकलेला जोडणारं टोक) आट्यांवर हातोडा मारू नका, ते टोक ज्यात बसतं त्या नकलेच्या कानावर बाजूने मारा, टेपर, म्हणजे आत घट्ट बसलेला निमुळता भाग, सुटतो. स्ट्रटच्या बोल्टांवर आधी रंगाची खूण करा आणि काम झालं की अलाइनमेंट कराच.