तात्पर्य गेलं खड्ड्यात

काल पुन्हा तेच झालं. माझा चौदा वर्षांचा मुलगा सोफ्यावर आडवा पडून वाचत होता. कुणी न सांगता, स्वतःहून वाचत होता! घरी आलेल्या एका नातेवाइकांनी त्याच्या डोक्यावरून डोकावून विचारलं, "काय रे, काय वाचतोयस? बघू. हे काय, चित्रांची पुस्तकं वाचायचं वय आहे का तुझं?" त्यानं पुस्तक होतं तसं उघडं पालथं टाकलं, मोबाइल उचलला आणि आत निघून गेला. त्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हल्लीच्या मुलांना वाचनाची आवडच राहिली नाही बघ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात महिने मी या एका दृश्याची वाट बघत होते. त्यावर पाणी पडायला एक वाक्य पुरलं.

आवड नाही म्हणे. या मुलानं वाचायला शिकल्या शिकल्या टूथपेस्टच्या खोक्यावरचा मजकूर मोठमोठ्यानं वाचून घर डोक्यावर घेतलं होतं. आठव्या वर्षी डायनासोरच्या पुस्तकाची पाठ त्यानं इतकी खिळखिळी केली की मी तिला तीनदा चिकटपट्टी लावली. जेवायला चार हाका मारल्याशिवाय उठायचा नाही, आणि उठला तरी पुस्तक ताटाशेजारी. एकच पुस्तक सलग पाच वेळा वाचायचा. शेवट माहीत असताना पुन्हा का वाचतोस, असं मी एकदाही विचारलं नाही. तेवढी एक गोष्ट माझ्याकडून बरोबर झाली.

मग शाळेतून वाचनाची नोंदवही आली. पहिल्या वर्षी तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, वाचलेली पानं आणि पालकांची सही, एवढंच. पुढच्या वर्षी त्यात मुख्य पात्रं आली, आवडलेला प्रसंग आला, पाच नवे शब्द आणि त्यांचा वाक्यात उपयोग आला. आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरात, तात्पर्य.

एकदा त्यानं समुद्री चाच्यांची एक गोष्ट वाचली. दोन दिवस तंद्रीत होता. वारा समोरून असला तर जहाज पुढे कसं जातं, शिडं फिरवतात म्हणजे नक्की काय करतात, गोड्या पाण्याची पिंपं संपली तर काय करायचं, विचारून विचारून त्यानं मला भंडावून सोडलं. मला यातलं काही येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघांनी मिळून शोधलं. समोरच्या वाऱ्यावर जहाज सरळ जाऊच शकत नाही, नागमोडी जातं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि वहीत त्यानं काय लिहिलं? "या पुस्तकातून आपल्याला शिकायला मिळते की लोभ करू नये." मी म्हटलं, अरे, ते शिडांचं लिही ना. तर म्हणाला, "आई, बाईंना तसलं नको असतं."

दहा वर्षांच्या मुलाला हे कळलं होतं. पुस्तकात त्याला जे सापडलं ते वहीत चालत नाही, आणि वहीत जे चालतं ते त्याला पुस्तकात सापडलेलंच नाही. त्यानंतर तो बारीक पुस्तकं निवडायला लागला, कारण रकाने तेवढेच भरायचे असतील तर जाड पुस्तक कशाला घ्यायचं? मग मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून वही भरायला लागला. मग तेही बंद झालं. मित्राच्या वहीतून उतरवून काढायला लागला. आणि मी? मी सह्या करत राहिले. दर रविवारी रात्री, पेन शोधून. मला दिसत होतं, तरी शाळेशी वाद नको म्हणून गप्प बसले. याचा राग मला स्वतःवर सगळ्यात जास्त आहे.

त्यात एक वर्ष स्पर्धा ठेवली. जास्तीत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला प्रमाणपत्र. अहो, हे असं करू नये हे कळायला पन्नास वर्षं झाली! १९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीतली, चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं त्यांनी घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल, सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं. काहींना काही न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी, मोकळ्या वेळेत कोण काय करतंय ते लपून पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. जी गोष्ट मूल आनंदानं करत होतं तिला बक्षिसाची अट लावली, आणि मुलाच्या मनात ती कामाच्या यादीत जाऊन बसली. माझ्या मुलाला त्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला. त्यानंतर त्या वर्षात त्यानं एकही पुस्तक उघडलं नाही.

आता कुणीतरी म्हणणारच, मोबाइल. जिथे जाईन तिथे हेच ऐकते. मोबाइल काढून घे, आपोआप वाचेल. मोबाइल निरुपद्रवी आहे असं मी म्हणतच नाही. खाली ठेवू नये अशाच बेतानं तो बनवलेला असतो, आणि दिवसभराच्या शाळा-अभ्यासानंतर थकलेलं डोकं सोप्या गोष्टीकडेच वळणार. पण माझ्या घरातला क्रम मला माहीत आहे. यानं वाचणं सोडलं अकराव्या वर्षी. मोबाइल हातात आला तेराव्या वर्षी. मधली दोन वर्षं हा मुलगा छताकडे बघत पडून असायचा आणि कंटाळा आला म्हणायचा, पण पुस्तकाला हात लावायचा नाही. मोबाइलनं रिकामी झालेली जागा घेतली. ती रिकामी केली आम्ही.

आणि हे एका घरापुरतं नाही. ब्रिटनमधली नॅशनल लिटरसी ट्रस्ट ही संस्था २००५ पासून मुलांना विचारते आहे की तुम्हाला फावल्या वेळात वाचायला आवडतं का. तेव्हा निम्म्याहून थोड्या जास्त मुलांनी हो म्हटलं होतं. २०२५ मध्ये ८ ते १८ वयोगटातली साधारण तीनातली एकच मुलं हो म्हणाली. इतक्या घरांतल्या इतक्या मुलांना एकाच वेळी आळस चढला, यावर माझा विश्वास नाही.

शाळेचं ग्रंथालय तर बोलायलाच नको. आठवड्यातून एक तास, काचेच्या कपाटांना कुलपं, पुस्तकं बाहेरून बघायची. यानं एकदा एका पुस्तकाकडे बोट दाखवलं तर उत्तर मिळालं, ते मोठ्यांचं आहे, तुझ्या इयत्तेचं शेल्फ तिकडे. दुसऱ्या वेळी एक मागितलं तर, एवढं लहान मुलांचं कशाला घेतोस? अरे, मग वाचायचं तरी काय त्यानं! पुस्तक चाळून, दोन पानं वाचून, नाक मुरडून परत ठेवायची सोय नसेल तर आवडनिवड तयार होणार कशी?

आणि भेटी. प्रत्येक वाढदिवसाला कुणी ना कुणी त्यांच्या लहानपणी त्यांना आवडलेला जाडजूड ग्रंथ आणून देतं. पुढच्या वेळी भेटलं की पहिला प्रश्न, वाचलंस का? कुठपर्यंत आलास? काय शिकलास? मुलगा खाली मान घालून उभा. तुम्हाला ते पुस्तक आवडलं होतं ना? मग तुम्ही ते कसे लपूनछपून वाचलंत, कुठल्या पानाला रडलात, ते सांगा की त्याला. परीक्षा कसली घेता?

या सात महिन्यांत मी काय केलं ते सांगते, कारण ते फारसं काही नाही. मी विचारणं बंद केलं. वाच म्हणणं बंद केलं. "अरे वा, वाचतोयस!" हे कौतुकसुद्धा बंद केलं. ते सगळ्यात जड गेलं. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी स्वतः कितीतरी पुस्तकं चाळिसाव्या पानावर सोडलीत, मला कुणी जाब विचारत नाही. रात्री कपड्यांच्या घड्या घालताना नवऱ्याला म्हटलं, तू घड्या घाल, मी वाचून दाखवते. एका खुनाच्या तपासाची कादंबरी होती. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी वाचायला लागले की शेजारच्या खोलीतल्या व्हिडिओचा आवाज कमी होतो. मी उठून बघायला गेले नाही. फक्त जरा मोठ्यानं वाचायला लागले.

मग एके दिवशी तो मित्राकडून मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, तीन भाग घेऊन आला. हो, तीच ती चित्रांची पुस्तकं. जपानी पद्धतीनं उजवीकडून डावीकडे वाचायची. मी सवयीनं दुसऱ्या टोकाकडून उघडलं तर म्हणाला, "आई, अगं इकडून." आणि माझ्या शेजारी बसून त्यानं दाखवलं, नजर कुठल्या चौकटीवरून कुठे न्यायची, बोलण्याचे फुगे कुठल्या क्रमानं घ्यायचे, एका चौकटीत काहीच शब्द नसतात तेव्हा तिथे थांबायचं असतं. अर्धा तास बोलत होता. तीन वर्षांत पुस्तक घेऊन तो माझ्याकडे आला नव्हता. मी जीव मुठीत धरून ऐकलं आणि तोंडातून एकही शहाणपणाचा शब्द जाऊ दिला नाही.

ज्यांना हे वाचन वाटत नाही त्यांनी त्यातला एक भाग घेऊन बसावं. न सांगितलेलं ओळखावं लागतं, दोन चौकटींच्या मधे काय घडलं ते मनात जुळवावं लागतं, पन्नास पानांपूर्वीचा एक चेहरा लक्षात ठेवावा लागतो. आणि समजा, यातलं काहीच नसतं तरी काय बिघडलं असतं? मुलगा रमला होता. त्याला रमायला मिळावं एवढंच मला हवं होतं. मला त्याचा शब्दसंग्रह वाढवायचा नाहीये. चांगले गुण मिळतील म्हणून त्यानं वाचावं असं वाटत नाही. चौदाव्या वर्षी माणसाला खूप एकटं वाटतं, आणि तेव्हा कुठल्यातरी गोष्टीत शिरून दार लावून घेता येणं मला फार मोलाचं वाटतं. माझ्या त्या वयात मला तेवढाच आधार होता.

त्या नातेवाइकांना मी काल स्पष्ट सांगितलं, पुन्हा त्याच्या हातातल्या पुस्तकाबद्दल बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. त्यांना राग आला. येऊ दे.

पुस्तक अजून सोफ्यावर पालथंच आहे. पान हरवू नये म्हणून मी ते उचललेलं नाही, आणि सकाळी सोफा झटकायला आलेल्या नवऱ्यालाही हात लावू दिला नाही.