मुधोळ उपाशी ठेवून पळत नाही

निपाणी-चिकोडी भागातल्या ग्रुपांवर सध्या मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याबद्दल 'असली मुधोळ कसा सांभाळावा' असा एक मेसेज फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. कारवान वेगळा, मुधोळ वेगळा. अर्धपोटी ठेवला तरच पळतो. साखळीला बांधला की तिखट होतो. देशी जात, डॉक्टर लागत नाही. आणि वर्षाचा झाला की सशावर सोडून पारखून घ्यावा. आमच्या मळ्यात या जातीची कुत्री आहे, आणि हे वाचून पोरं पिल्लांचे हाल करायला लागलीत, म्हणून लिहितोय.

पहिलं लवकर मिटतं. कुत्रा एकच आहे. एक केनेल क्लब (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) त्याची नोंद कारवान म्हणून करतो, दुसरा मुधोळ म्हणून. गोकाकच्या धबधब्यावरून पडणारी घटप्रभा नदीच पुढं मुधोळ गावाला जाते. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला जोडी भेट दिली आणि मुधोळ हे नाव बाहेर गेलं. मराठी घराणं, कानडी मुलूख. यात 'आपला' आणि 'त्यांचा' असं वाटून घेण्यासारखं काहीच नाही.

उपाशी ठेवण्याची गोष्ट मात्र मला सहन होत नाही. हा नजरेनं शिकार हेरून पळणारा कुत्रा. छाती खोल, पोट आत ओढलेलं, शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसटशा दिसणारच. तेवढ्यावरून लोक समजतात की जितका वाळका तितका अस्सल. तसं नाही. कुत्र्याच्या मागच्या मांडीवर हात ठेवून बघा: तिथं घट्ट मांस लागलं पाहिजे. पाठीचा कणा करवतीसारखा हाताला टोचत असेल, तर ती जात नव्हे, भूक आहे. पळायला स्नायू लागतात आणि नुसत्या ताक-कण्यांवर स्नायू भरत नाहीत. अंडं, कोंबडी, जमेल ते द्या, दिवसातून दोनदा द्या, वेळेवर जंताचं औषध द्या. फक्त जेवल्या जेवल्या पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो.

साखळीनं कुत्रा तिखट होत नाही, बिथरतो. मुधोळ मुळात अनोळखी माणसापासून अंतर राखणारा. आमची सोनी पाहुणा आला की आधी बांधावर जाऊन उभी राहते, मान उंच, कान मागं. कुणी एकदम डोक्यावर हात टाकला तर आक्रसते. पाहुणा गप बसला की अर्ध्या तासानं स्वतःच येऊन त्याचा तळहात हुंगते. अशा स्वभावाच्या पिल्लाला खुंट्याला बांधून काठीनं डिवचलं, तर ते भीतीपोटी चावायला शिकतं, आणि पहिला चावा बहुतेक घरातल्या पोरालाच बसतो. रात्री बांधायचाच तर बांधा, पण रोज सकाळ-संध्याकाळ मोकळं रान दाखवा.

डॉक्टर लागत नाही म्हणणाऱ्यानं यांची कातडी कधी चिमटीत धरलेली नसावी. कागदासारखी पातळ. काटेरी तारेला नुसती घासली तरी वीतभर फाटते, उसाच्या पाचटानंही चिरते. अंगावर चरबी नाही, म्हणून पौषातल्या थंडीत पोतं अंथरावंच लागतं. भूल देण्याची वेळ आली तर जात आधी सांगा. काही भुलीची औषधं अशा सडपातळ कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाहीत. आणि गोचीड रोज बघा, कानात, बोटांच्या बेचक्यांत. ताप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. रेबीजची लस तर चुकवायचीच नाही.

राहिला ससा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. रानातला ससा धरणं हा गुन्हा आहे, कुत्र्यानं धरला तरी जबाबदार मालकच. पळ बघायचाच असेल तर दोरीला जुनं बनियन बांधा आणि ऊस तुटलेल्या रानात एकानं ते ओढत पळावं. सोनी बनियन पकडते, दोनदा झटकते आणि ते तोंडात धरून थेट आमच्या पायाशी आणून टाकते.