अनस्टेज करताना नक्की काय हरवतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी थोडा राग आला, खोटं कशाला बोलू, पण दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं की अर्धी चूक माझीच आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की गिटवरच्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) माझ्या पोस्टमध्ये "अनस्टेज केल्याने काहीच हरवत नाही" हे मी छातीठोकपणे लिहिलं (अ‍ॅड म्हणजे बदल पुढच्या नोंदीसाठी स्टेजमध्ये ठेवणं, अनस्टेज म्हणजे तिथून परत काढणं), तुम्ही त्यावर विसंबून गिट रिस्टोअर चालवलं आणि अ‍ॅड केलेलं दिवसभराचं काम गेलं, त्यापेक्षा अनस्टेज करायची जुनी कमांड, गिट रिसेटच बरी.

आता बघा, फाइल अ‍ॅड केलेली असताना नुसतं गिट रिस्टोअर चालवलं तर ती शेवटच्या कमिटवर, म्हणजे गिटमधल्या पक्क्या नोंदीवर, जात नाही, इंडेक्समध्ये म्हणजे स्टेजमध्ये जे आहे त्यावर जाते. म्हणजे अ‍ॅड केल्यानंतरचे बदल उडतील, त्याआधीचे नाही. मग दिवसभराचं काम गेलं कसं? माझा अंदाज असा की तुम्ही आधी --स्टेज्ड लावून अनस्टेज केलंत, मग गिट स्टेटसने (कुठले बदल कुठे आहेत ते दाखवणारी कमांड) खाली बदल टाकून देण्यासाठी जी कमांड सुचवली तीही चालवलीत. दोन्ही कमांड दिसायला जवळजवळ सारख्या, एकीत --स्टेज्ड आहे एकीत नाही, बस. २०१९ मध्ये २.२३ व्हर्जनमध्ये रिस्टोअर आणलं ते चेकआउट आणि रिसेट या जुन्या कमांडचा गोंधळ कमी व्हावा म्हणून, आणि इथे एक शब्द विसरला की स्टेज न केलेले बदल साफ! हा दोष मी पोस्टमध्ये ठळक सांगायला हवा होता, तो सांगितला नाही. पण रिसेट सुरक्षित हेही मला पटत नाही, त्यात घाईत --हार्ड लागलं तर स्टेज आणि फाइल दोन्हींतले बदल जातात.

आणि माझं वाक्य आणखी एका ठिकाणी चुकीचं होतं, जे तुम्हीही पकडलं नाहीत. फाइल अ‍ॅड केली, मग तिच्यात पुन्हा बदल केले आणि मग अनस्टेज केलं, तर डिस्कवरची फाइल तशीच राहते पण मधलं, स्टेज केलेलं रूप कुठेच दिसत नाही. ते वाक्य आता दुरुस्त केलंय.

तुमच्या कामाचं मात्र अजून होऊ शकतं काहीतरी. अ‍ॅड करताच गिट फाइलचा मजकूर आपल्याकडे ब्लॉब म्हणून, म्हणजे नाव नसलेल्या प्रतीच्या रूपात, साठवतो, अनस्टेज केल्याने तो पुसला जात नाही. गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड ही असा हरवलेला मजकूर शोधणारी कमांड चालवा, मग डॉट गिट फोल्डरमध्ये लॉस्ट-फाउंडच्या आतल्या अदर नावाच्या फोल्डरमध्ये बघा. फाइलची नावं मिळणार नाहीत, नुसते लांबलचक हॅश (अक्षरं-आकड्यांचे कोड) असतील, त्यामुळे तुमच्या कोडमधला एखादा आठवणारा शब्द ग्रेप या मजकूर शोधायच्या कमांडने शोधा. असे कशालाच न जोडलेले, अनाथ ब्लॉब साधारण दोन आठवडे तरी टिकतात, तोवर गिट जीसी --प्रून=नाऊ (असे ब्लॉब लगेच पुसणारी कमांड) वगैरे काही चालवू नका. अ‍ॅडनंतर टाइप केलेलं मात्र गिटने कधी पाहिलंच नाही, ते एडिटरच्या अंडू किंवा लोकल हिस्टरीत असलं तरच. सापडलं का ते इथेच सांगा.