गोळ्या लपवायला सांगणारा तो मेसेज

"दादा, ह्या कुठं दिसल्या तर काम जातंय म्हणं." असं म्हणत आमच्या एका चालकानं चुन्याची पत्र्याची डबी माझ्या टेबलावर उघडली. आत शुगरच्या गोळ्या. पाकिटं कात्रीनं अशी कापलेली की एकाही गोळीच्या मागं नाव उरलं नव्हतं.

मी मिरजेत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्यांच्या ड्युट्या लावतो. त्यानं मोबाइल पुढं केला. सांगली-साताऱ्याच्या चालकांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज होता. थोडक्यात असा: चालकाला शुगर, फिट (आकडी), हार्ट, काहीही निघालं की मालक त्याच दिवशी काढू शकतो. चालकाला कायद्यात कसलाच हक्क नाही, एसटीतसुद्धा नाही. म्हणून आजार लपवा, आरटीओच्या फॉर्मवर सगळीकडं ‘नाही’ लिहा. मालकानं राजीनामा मागितलाच तर मुकाट्यानं द्या, नाहीतर पीएफ अडकेल.

लोक हा मेसेज चांगल्या मनानं पुढं पाठवतात. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यापायी कुणाचं तरी घर बुडेल, म्हणून एकेक घेतो.

‘एसटीतसुद्धा हक्क नाही.’ हे तर धडधडीत चुकीचं आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तशी जागा रिकामी नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा पद तयार करायचं. हे काही नवं नाही, १९९५ च्या कायद्यात कलम ४७ हेच सांगत होतं. कायद्यानं स्थापन झालेली महामंडळं यात येतात, त्यामुळं एसटीही येते.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेलंगणाच्या एसटी महामंडळातल्या एका चालकाचा निकाल दिला. रंग ओळखता येत नाहीत म्हणून त्याला घरी बसवलं होतं. न्यायालयानं त्याला जुन्याच पगारश्रेणीत योग्य काम द्यायला सांगितलं आणि थकबाकीचे २५ टक्केही द्यायला लावले. मला त्या निकालात महत्त्वाचं वाटतं ते हे की दुसरं काम खरोखर शोधून बघण्याची जबाबदारी न्यायालयानं महामंडळावर टाकली. ‘आमच्याकडं जागा नाही’ एवढं लिहून हात झटकता येत नाहीत. आगारातल्या कुणाला मेडिकलमध्ये अनफिट केलं असेल तर त्यानं पर्यायी कामासाठी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

‘खासगीत मालक त्याच दिवशी काढू शकतो.’ इथं मी खोटा धीर देणार नाही. कलम २० ची ती भक्कम भिंत खासगी कंपनीला लागू नाही. साधी शुगर किंवा बीपी त्या कायद्यातल्या २१ प्रकारांतही बसत नाही. पण म्हणून काहीच नाही, असं नव्हे. अपंगत्वावरून भेदभाव करायला त्याच कायद्याची मनाई आहे आणि समान संधीचं धोरण खासगी आस्थापनेलाही जाहीर करावं लागतं. आकसानं किंवा खोटं कारण दाखवून काढलं तर महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. त्याखाली ९० दिवसांच्या आत तक्रार करायची असते, हा आकडा लक्षात असू द्या. ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. लकवा, हृदयविकार अशा ठरलेल्या लांबच्या आजारांना त्याहून जास्त काळ मिळते.

मालकालाही एक हक्क आहे, तोही नीट समजून घ्या. चालकाला चक्कर येते असं कळलं तर तो त्याला गाडीवरून उतरवू शकतो, डॉक्टरकडं पाठवू शकतो. मी स्वतः तसं करतो आणि करत राहणार. रस्त्यावर दुसऱ्यांचीही लेकरं असतात. पण गाडीवरून उतरवणं वेगळं आणि नोकरीवरून काढणं वेगळं. हा माणूस ही गाडी एवढे तास चालवू शकतो का, हे डॉक्टरनं ठरवायचं. शेठनं नाही, सुपरवायझरनंही नाही. आणि रिपोर्ट ग्रुपवर टाकायचा नसतो. पेशंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनी घातलंय, माणसाच्या जिवाला ठोस धोका असल्यासारखे मोजके अपवाद सोडून. ऑफिसला हवा असतो तो फिट-अनफिटचा दाखला. शुगर किती आली ते सगळ्या क्लीनरांना कळायची गरज नाही.

आता सगळ्यात घातक वाक्य, ‘आजार लपवा.’

डबीवाल्या चालकाला मी बसवून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, गाडीवर कधी काही झालं का? बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, बेदाणा घेऊन वाशीला निघालो होतो. जेवण राहिलं होतं, गोळी मात्र घेतलेली. डिसेंबरची रात्र, आणि खंबाटकीच्या अलीकडं अंगाला दरदरून घाम सुटला. पुढच्या गाडीचे लाल दिवे दोनाचे चार दिसायला लागले. क्लीनरनं गाडी कडेला घ्यायला लावली आणि गूळ चारला. पंधरा मिनिटांनी त्याला कळलं आपण कुठं आहोत. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

ही शुगर खाली गेल्याची लक्षणं. ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात, आणखी खाली गेली की डोकं चालेनासं होतं. इन्सुलिननं आणि ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांनी असं होतं, नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा होत नाही. म्हणजे त्याचा खरा प्रश्न होता गोळी कुठली आणि जेवण कधी, एवढाच. मिरजेतल्या डॉक्टरांनी गोळी बदलली, गाडीवर बसण्याआधी शुगर बघायला शिकवलं, तीन आठवडे गाडी बंद ठेवायला सांगितलं. ते तीन आठवडे त्यानं गोडाऊनला माल मोजला. नंतर दाखला घेऊन परत गाडीवर. गोळ्या तशाच डबीत राहिल्या असत्या तर हे कुणाच्याच हातात नव्हतं.

आरटीओच्या फॉर्म १ मध्ये शुगरचं नाव नाही. त्यात फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, असं विचारलेलं असतं. हेवी गाडीला डॉक्टरनं भरलेला फॉर्म १-ए सुद्धा लागतो. फिटचा आजार असलेल्या माणसानं तिथं ‘नाही’ लिहू नये. ते ऐकायला कठोर वाटतं, आणि माझ्याच घरात ते लागू झालंय.

माझा धाकटा भाऊ एका कारखान्याच्या स्टाफ बसवर होता, चार वर्षं. एकदा कॅन्टीनमध्ये त्याला फिट आली. तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून टाइप केलेला कागद पुढं ठेवला: ‘वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ तारखेची जागा कोरी होती. सही कर, नाहीतर पीएफ अडकेल, असंच सांगितलं. त्यानं सही केली. मी शेजारीच उभा होतो आणि मीही म्हणालो, कर.

पीएफ अडकत नसतो. तो कामगाराचा पैसा आहे, तो मालकाच्या खिशात नसतो. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन टाकता येते. आणि ग्रॅच्युइटीसाठी सहसा पाच वर्षं लागतात, पण मृत्यू किंवा अपंगत्वामुळं नोकरी सुटली तर ती अट नाही. १९७२ च्या कायद्यात अपंगत्वाचा अर्थही दिलेला होता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच आहे: अपघातानं किंवा आजारानं, आधी करत असलेलं काम करता न येणं. बसचालकाला फिट येणं म्हणजे नेमकं तेच. खरं कारण कागदावर असतं तर चार वर्षांची ग्रॅच्युइटी, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगारानं, त्याला मागता आली असती. ‘वैयक्तिक कारण’ या दोन शब्दांनी ती वाट बंद केली. स्टोअरमध्ये बसवा, गेटवर बसवा, असं लेखी मागायचं आम्हाला सुचलंच नाही. कळलं तेव्हा ९० दिवस केव्हाच उलटून गेले होते.

म्हणून असा कागद पुढं आला तर सही करू नका. घरी घेऊन जातो म्हणा, मोबाइलनं फोटो काढा. खरंच सोडायची वेळ आली तर कारण स्वतःच्या हातानं लिहा: आजारामुळं चालकाचं काम करता येत नाही, दुसरं काम मागितलं, मिळालं नाही. सोबत डॉक्टरचा दाखला जोडा. मग सांगलीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं जा. औद्योगिक कामगाराला आणि दिव्यांगाला तिथं वकील मोफत मिळतो, कमाईचा दाखला न मागता. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातही तसंच ऑफिस आहे.